मध्ययुगीन शहरात माणसं किती होती? आकडा काढायची आणि तपासायची रीत

बगदाद 10 लाख, विजयनगर 5 लाख, पॅरिस 2 लाख. असे आकडे लेखांत, व्याख्यानांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सुखाने फिरत असतात. यांतला एकही डोकी मोजून आलेला नाही. त्या काळी कुणी काही मोजलंच असेल तर ते बहुधा वेगळंच होतं: चुली, कर भरणारे, बाप्तिस्मे, वेशीतून आत आलेला गहू, शस्त्र धरू शकणारे पुरुष. माणसांचा आकडा हा त्यावर पुढे कधीतरी केलेला गुणाकार आहे. गुणाकार कुणालाही जमतो. चूक होते ती बहुधा त्याच्या आधी, नेमकं काय मोजलं होतं हे न पाहता पुढे गेल्यामुळे.

लेख, कादंबरी, शाळा-कॉलेजचा प्रकल्प किंवा विकिपीडियाचं पान, कशासाठीही आकडा हवा असेल तर खालच्या क्रमाने जा. लागतं फार थोडं: कॅल्क्युलेटर, शहराचा जुना नकाशा आणि एक तक्ता. तक्त्यात हे रकाने ठेवा: साल, हद्द, मोजलेली वस्तू, मूळ आकडा, कोण गाळलं गेलं, गुणक, किमान, कमाल. सर्वांत जास्त वेळ पाचव्या रकान्यात जाईल, आणि तो जायलाच हवा.

पायरी 1: साल आणि हद्द आधी पक्की करा

'मध्ययुगातलं लंडन' असं काही नसतं. 1300 चं लंडन आणि 1377 चं लंडन यांच्यामध्ये 1348 ची प्लेगची साथ उभी आहे. साथीच्या आधीच्या लंडनसाठी अभ्यासक 60,000 ते 80,000 असे अंदाज देतात, नंतरच्या पिढीत शहर जवळजवळ निम्मं झालेलं दिसतं. त्यामुळे पॅरिसचा 1328 चा आकडा आणि लंडनचा 1377 चा आकडा शेजारी मांडून 'पॅरिस पाचपट मोठं' म्हणणं चूक आहे. एक आकडा साथीच्या अलीकडचा, दुसरा पलीकडचा. 'जगातली दहा मोठी शहरं' छापाच्या याद्यांत हा घोळ सर्रास सापडतो.

हद्दीचा घोळ त्याहून वाईट. दक्षिण सोंग राजवटीची राजधानी लिन-आन, म्हणजे आजचं हांगचौ, हे नमुनेदार उदाहरण. 1265 ते 1274 या काळातल्या स्थानिक दप्तरात 3,91,259 कुटुंबं आणि 12,40,760 माणसं नोंदली आहेत. हे 'शहर' म्हणून सतत उद्धृत होतं, पण तो आकडा नऊ तालुक्यांच्या अख्ख्या जिल्ह्याचा आहे. शहर ज्या दोन तालुक्यांत वसलं होतं त्यांची नोंद 1,86,330 कुटुंबांची, आणि त्यांतही तटाबाहेरची खेडी आलीच.

उलट प्रकारही घडतो. लंडनच्या 1377 च्या आकड्यात नदीपलीकडचं साउथवर्क नाही आणि वेस्टमिन्स्टरही नाही, कारण कारभाराच्या दृष्टीने ती लंडन सिटीत नव्हती. रोजच्या जगण्यात मात्र ती शहराचाच भाग होती. म्हणून हद्दीच्या रकान्यात 'लंडन' एवढंच लिहू नका. 'लंडन सिटी, साउथवर्क व वेस्टमिन्स्टर वगळून' असं लिहा.

पायरी 2: मोजलं काय, कुणी आणि कशासाठी

मोजणी बहुतेक वेळा करासाठी होते, आणि करासाठी मोजलं की माणसं लपतात. इंग्लंडमध्ये 1377 साली 14 वर्षांवरच्या प्रत्येकावर चार पेन्सची डोईपट्टी बसली. भिकारी वगळले होते, पाद्र्यांचा कर वेगळा होता. देशभरात सुमारे साडेतेरा लाख लोकांनी ती भरली. 1381 च्या पट्टीत दर तिप्पट झाला, वयाची अट 15 वर गेली, आणि भरणारे उरले सुमारे नऊ लाख. चार वर्षांत देशातली एक तृतीयांश प्रौढ माणसं मेली नव्हती. दर परवडेनासा झाला तेव्हा ती यादीतून निसटली, आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांचं बंडही झालं. एकाच देशाच्या दोन मोजण्या मिळाल्या तर म्हणूनच कमी दराची, पहिल्यांदा घेतलेली मोजणी धरा. लोकांना तिच्यापासून पळायला वेळही कमी मिळालेला असतो आणि कारणही.

प्रत्येक मोजणीपुढे हे प्रश्न लिहून त्यांची उत्तरं शोधा: वयाची अट होती का? बायका धरल्या का? पुरोहित, भिक्षू, सैनिक, राजवाड्यातले लोक, नोकर, गुलाम, परदेशी व्यापारी, भिकारी यांपैकी कोण बाहेर राहिलं? राजधानीत बाहेर राहिलेल्यांचा हा गठ्ठा लहान नसतो. 1477 साली इस्तंबूलची मोजणी झाली: इस्तंबूलात 14,803 आणि खाडीपलीकडच्या गलाट्यात 1,521, मिळून 16,324 कुटुंबं. यात राजवाडा आणि लष्कर नाही. सुलतानाच्या राजधानीतून हे दोन वजा केल्यावर उरतं ते शहर, पण पूर्ण शहर नव्हे.

पायरी 3: चुलींवरून माणसं

सर्वांत जास्त मिळणारी नोंद ही. मूळ आकडा गुणिले एका कुटुंबातली सरासरी माणसं, एवढंच सूत्र आहे. सगळी मारामारी गुणकावर.

पॅरिसच्या 1328 च्या राजदप्तरात 35 पॅरिशमध्ये (चर्चनिहाय वस्त्यांमध्ये) 61,098 चुली आहेत. 3.5 ने गुणलं तर 2,13,843, 4.5 ने गुणलं तर 2,74,941, 5 ने गुणलं तर 3,05,490. गुणक दीडने हलला की 90,000 माणसं येतात किंवा जातात. त्यात काही अभ्यासकांना मूळ चुलींचा आकडाच फुगलेला वाटतो आणि ते पॅरिसला 80,000 च्या आसपास ठेवतात. दोन लाखांचा पक्ष आज जास्त मानला जातो, तरी या शहराबद्दल लिहिताना वाद आहे हे एका वाक्यात सांगावं.

गुणक निवडताना आपल्या मनातलं एकत्र कुटुंब बाजूला ठेवा. मराठी लेखांत 8 किंवा 10 ने गुणलेले आकडे दिसतात, ते याच सवयीतून. शहरात विधवा असतात, एकटे कारागीर असतात, नुकतं लग्न झालेली जोडपी असतात, आणि करासाठी चूल वेगळी दाखवणारे भाऊही असतात. जिथे कुटुंबं आणि माणसं दोन्ही मोजली गेली तिथला पुरावा पाहा: फ्लॉरेन्सच्या 1427 च्या मालमत्ता-मोजणीत शहरात सुमारे 9,800 कुटुंबं आणि सुमारे 37,000 माणसं आहेत, म्हणजे दर कुटुंबामागे 3.8. पश्चिम युरोपातल्या शहरांसाठी 3.5 ते 4.5 घ्या. ऑटोमन मोजण्यांसाठी 5 ची प्रथा आहे, पण ती प्रथा आहे, मोजमाप नव्हे. इस्तंबूलच्या 16,324 कुटुंबांना 4 ने गुणून 65,296 आणि 6 ने गुणून 97,944, अशी दोन्ही टोकं लिहा. मधला आकडा 81,620 वाचकाला आपोआप दिसतो. साथीनंतरच्या वर्षांत गुणक खाली आणा.

कुटुंबं आणि माणसं दोन्ही नोंदलेली असली तरी भागाकार करून पाहाच. लिन-आनच्या त्या दोन तालुक्यांत 1,86,330 कुटुंबांपुढे 4,32,046 माणसं आहेत. भागाकार येतो 2.3. एवढ्या लहान कुटुंबांवर कुठलंही शहर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. याचा अर्थ 'माणसं' या रकान्यात सगळी माणसं नाहीत. सोंग काळातल्या अशा नोंदींत बायकामुलं मोठ्या प्रमाणात गाळली जात असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथे माणसांचा आकडा सोडून कुटुंबांचा धरावा: 4 ने 7,45,320, 5 ने 9,31,650, तेही दोन तालुक्यांचे. भागाकार 3 च्या खाली किंवा 7 च्या वर गेला की थांबायचं आणि पायरी 2 कडे परत जायचं.

पायरी 4: डोईपट्टीवरून माणसं

लंडन सिटीत 1377 साली 23,314 जणांनी पट्टी भरली. यात 14 पर्यंतची मुलं मिळवायची आहेत. इथे एक चूक इतकी नेमाने होते की ती वेगळी सांगतो. लोकसंख्येत मुलं 40 टक्के धरली तर 23,314 ला 1.4 ने गुणायचं नाही. तसं केलं तर 32,640 येतात आणि ते चूक आहेत, कारण 40 टक्के हे एकूण लोकसंख्येचे आहेत, करदात्यांचे नव्हेत. करदाते उरलेले 60 टक्के. म्हणून 0.6 ने भागायचं: 38,857. फरक सहा हजारांचा.

मुलांचं प्रमाण किती? साथीनंतरच्या मोठ्या शहरात खेड्यांतून आलेले तरुण नोकर आणि शिकाऊ कारागीर भरपूर असतात, त्यामुळे ते खेड्यापेक्षा कमी. 30 ते 40 टक्के घ्या. 30 टक्क्यांना 33,306. आता निसटलेले: कर चुकवणारे, भिकारी, पाद्री. ते एकूण लोकसंख्येच्या 5 ते 20 टक्के धरा, आणि पुन्हा भागाच. किमान 33,306 भागिले 0.95 म्हणजे 35,000. कमाल 38,857 भागिले 0.8 म्हणजे साधारण 48,500. लंडन सिटी, 1377: 35,000 ते 48,500. त्याच यादीत यॉर्कला 7,248 आणि ब्रिस्टलला 6,345 करदाते आहेत. त्यांचे गुणक थोडे इकडेतिकडे झाले तरी लंडन या प्रत्येकाहून कितीतरी मोठं राहतं. नुसता क्रम हवा असेल तर गुणकाच्या भानगडीत पडायची गरजच नाही. एकाच यादीतले मूळ आकडे तुलना करायला पुरतात.

पायरी 5: तटाच्या आतल्या जमिनीवरून, जपून

दप्तर नसेल तर लोक तटबंदीकडे वळतात. नकाशावर तटाचं क्षेत्रफळ हेक्टरमध्ये काढा आणि दर हेक्टरी 100 ते 200 माणसांनी गुणा. दाट वस्तीच्या शहरांत 300 किंवा त्याहून जास्तही चालतं. रीत सोपी आहे म्हणूनच ती सर्वांत जास्त फसवते.

रोमची ऑरेलियन तटबंदी तिसऱ्या शतकातली. आत सुमारे 1,370 हेक्टर. 150 ने गुणलं की दोन लाखांवर आकडा जातो. प्रत्यक्षात 1527 च्या सुमाराच्या मोजणीत रोममध्ये सुमारे 55,000 माणसं होती. तटाच्या आत मोठ्या भागात द्राक्षमळे आणि प्राचीन इमारतींचे अवशेष होते. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पुढच्या इस्तंबूलच्या, तटाच्या आत सुमारे 1,400 हेक्टर, पण 1332 च्या सुमारास तिथे गेलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाला तटाच्या आत तेरा वेगवेगळी गावं दिसली. 1453 साली शहर पडलं तेव्हा वस्ती 50,000 च्या आसपास मानली जाते. जुना तट नव्या वस्तीचं माप देत नाही. तो बांधला त्या दिवसाची आशा तेवढी दाखवतो, आणि कधी तीही पूर्ण होत नाही: फ्लॉरेन्सचा शेवटचा तट 1333 च्या सुमारास पुरा झाला, आत सुमारे 630 हेक्टर जमीन आली, आणि तिच्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकापर्यंत बागायती राहिला. त्याच तटाच्या आत 1338 मध्ये लाखाच्या आसपास आणि 1427 मध्ये 37,000 माणसं होती. क्षेत्रफळ एका हेक्टरनेही बदललं नव्हतं.

आपल्याकडे हीच चूक विजयनगरबाबत होते. हम्पीच्या जागतिक वारसा क्षेत्राचं क्षेत्रफळ 4,187 हेक्टर आहे. त्याला 150 ने गुणून सव्वासहा लाख काढणं मोहक वाटतं. पण वारसा क्षेत्राची हद्द आज आखलेली आहे, आणि तिच्या आत खडकाळ टेकड्या आहेत, तुंगभद्रा आहे, देवळांचा भाग आणि राजवाड्यांचा भाग यांच्यामध्ये कालव्याचं ओलीत आहे. 1443 मध्ये आलेल्या अब्दुर रझ्झाक या तैमुरी दरबाराच्या दूताने सात तट सांगितले आणि पहिल्या तीन तटांच्या दरम्यान शेतं, बागा आणि घरं आहेत, तर तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत बाजार आणि गर्दी आहे असंही सांगितलं. म्हणजे साक्षीदाराने घनता हातात दिली आहे, ती वापरा. बाहेरच्या पट्ट्याला खेड्याची घनता, आतल्याला शहराची, आणि खडक-नदी-शेत वजा करून. हे न करता काढलेला कुठलाही आकडा खोडून टाका.

पायरी 6: दुसऱ्या वाटेने पडताळा

एकाच शहराचे दोन-तीन वेगळे पुरावे मिळणं ही चैन आहे. फ्लॉरेन्सला ती मिळते, कारण जोव्हान्नी व्हिल्लानी हा इतिवृत्तकार व्यापारी होता आणि त्याला आकड्यांची आवड होती. 1338 च्या सुमारासचे त्याचे आकडे असे: 90,000 तोंडं, 15 ते 70 वयाचे शस्त्र धरू शकणारे 25,000 पुरुष, वर्षाला 5,500 ते 6,000 बाप्तिस्मे, रोज 140 मोज्जो (धान्याचं एक माप) गहू. बाप्तिस्म्याची मोजणी पाद्री घेवड्याच्या बियांनी करत असे, मुलग्याला काळी, मुलीला पांढरी.

आता एकेक पाहू. 15 ते 70 वयाचे पुरुष एकूण लोकसंख्येच्या 30 ते 32 टक्के धरले तर 25,000 वरून 78,000 ते 83,000 येतात. बाप्तिस्म्यांवरून: दर हजारी 40 जन्म धरले तर 1,37,500 ते 1,50,000, दर हजारी 50 धरले तर 1,10,000 ते 1,20,000. व्हिल्लानीचे 90,000 खरे मानले तर जन्मदर हजारी 61 ते 67 निघतो, जो एखाद्या शहरासाठी अशक्यप्राय आहे. तेव्हा एकतर 90,000 कमी आहेत, किंवा सान जोव्हान्नीच्या बाप्तिस्मागृहात तटाबाहेरच्या वस्तीतली मुलंही येत. दोन्ही थोडंथोडं खरं असावं. व्हिल्लानीने भिक्षू आणि जोगिणी 90,000 मध्ये धरल्या नव्हत्या, हेही लक्षात घ्या.

गव्हाकडे वळलं की सापळा आहे. एक मोज्जो म्हणजे 24 स्तायो, एक स्तायो गहू साधारण 18 किलो. रोजचे 3,360 स्तायो म्हणजे सुमारे 60,500 किलो. 90,000 ने भागलं की माणशी 670 ग्रॅम, अगदी पटणारा आकडा. पण हा पडताळा नाही. 90,000 तोंडं ही व्हिल्लानीने शहराला रोज लागणाऱ्या भाकरीवरूनच काढली होती. आपण त्याचाच हिशेब उलटा केला आणि खूश झालो. दुसरा पुरावा पहिल्यातूनच निघालेला नाही ना, हे आधी बघायचं. गव्हावरून स्वतंत्र अंदाज हवा असेल तर वर्षाला माणशी 200 ते 250 किलो धरून नव्याने हिशेब करा. 60,500 किलोला 365 ने गुणून सुमारे 2.2 कोटी किलो. त्यावरून 88,000 ते 1,10,000. श्रीमंत घरं वर्षातले चार महिने गावाकडे राहत असं व्हिल्लानीच सांगतो, ती तोंडं त्या काळात शहराच्या गव्हावर नव्हती.

सगळं एकत्र मांडल्यावर 1338 च्या फ्लॉरेन्ससाठी 90,000 ते 1,20,000 ही पट्टी उरते. 630 हेक्टरांवर ती हेक्टरी 143 ते 190 पडते, म्हणजे पायरी 5 च्या पट्टीत बसते.

पायरी 7: प्रवाशांचं काय करायचं

फेकायचं नाही, पण त्यांच्या आकड्यांना गुणकही लावायचा नाही. मार्को पोलो हांगचौमध्ये 16 लाख चुली सांगतो. अख्ख्या जिल्ह्याच्या दप्तरात चार लाखही भरत नाहीत. अकराव्या शतकातला इतिहासकार खतीब अल-बगदादी याने बगदादसाठी 60,000 हमामांचा (सार्वजनिक स्नानगृहांचा) आकडा उतरवून ठेवला, आणि त्यावरून नोकर, गिऱ्हाईक, घरं असा गुणाकार करत लोक कोटीपर्यंत पोहोचतात. 1184 मध्ये तिथे गेलेला प्रवासी इब्न जुबैर हमाम सुमारे 2,000 सांगतो. हजारांच्या पटीतले असे गोल आकडे 'पुष्कळ' या अर्थाने वाचावेत.

प्रवाशाची तुलनाही तपासून घ्या. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएश 1520 च्या सुमारास विजयनगरला रोमएवढं म्हणतो आणि माणसांचा आकडा लिहीत नाही, कारण लोकांना तो थाप वाटेल. 'रोमएवढं' वाचून आपण लाखांत जातो, पण त्या वेळचं रोम 55,000 चं होतं आणि तटाचा घेर मात्र सुमारे 19 किलोमीटरचा. तो विस्ताराबद्दल बोलत होता असं वाचणं सयुक्तिक आहे. शिवाय पाएश आणि अब्दुर रझ्झाक दोघांनीही महानवमीचा उत्सव पाहिला, ज्याला प्रांतोप्रांतीचे नायक फौजेसह राजधानीत जमत. त्यावरून वर्षभराची वस्ती ठरवणं म्हणजे आषाढीला जाऊन पंढरपूरची लोकसंख्या लिहून घेण्यासारखं आहे.

'शहर ओस पडलं' हा उलटा दावाही तितकाच तपासावा. 1327 च्या सुमारास मुहंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. इब्न बतूता दिल्लीत पोहोचला 1334 मध्ये, त्यामुळे त्याचंही वर्णन ऐकीव. पण दिल्लीजवळच्या सरबन गावचा 1328 चा संस्कृत शिलालेख व्यापारी कुटुंबाने विहीर बांधल्याची नोंद करतो. दरबार, उलेमा, फौज गेली. गावोगावचा व्यापारी तिथेच होता. दौलताबादसाठी चुली, कर किंवा धान्य यांपैकी काही हाती नसेल तर आकडा लिहू नये. इब्न बतूताने तिथले तीन भाग दिले आहेत, सुलतान आणि फौजेचं दौलताबाद, कटक, आणि देवगिरीचा बालेकिल्ला. तेवढं वर्णन वाचकाला 'दोन लाख' या पोकळ आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

पायरी 8: आकडा कसा लिहायचा

गोल करून, पट्टीत, आणि सालासह. 'लंडन सिटी, 1377: 35,000 ते 48,500, डोईपट्टीवरून, साउथवर्क व वेस्टमिन्स्टर वगळून.' 43,174 असा शेवटच्या अंकापर्यंत नेमका आकडा छापला की वाचकाला तो मोजलेला वाटतो. मूळ नोंदीतला अंक मात्र तसाच ठेवा: 23,314, 61,098, 16,324. मोजलेलं ते एवढंच, आणि उद्या चांगला गुणक मिळाला तर हिशेब तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. दुसऱ्याच्या यादीतून आकडा उचलताना तिथे साल, हद्द आणि मोजलेली वस्तू यांपैकी दोन गोष्टी नसतील, तर तो आकडा तुमच्या तक्त्यात घेऊ नका.